स्मरणरंजनाचा रस्ता

‘नॉस्टॅल्जिया’ या शब्दासाठी मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. मूळ शब्द मात्र रंजनातून आलेला नाही, तो रोगाच्या वर्णनातून आला आहे. १६८८ साली योहानेस होफर नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात तो घडवला. ग्रीक ‘नोस्टोस’ म्हणजे घरी परतणे आणि ‘आल्गोस’ म्हणजे वेदना. घरापासून दूर पडलेली माणसे झुरून झुरून आजारी पडतात, त्या आजाराचे हे नाव. ग्रीक शब्दात जिथे वेदना आहे, तिथे आपल्या शब्दात रंजन आहे. या दोन शब्दांमधले अंतर नेमके किती, हे मोजायचे असेल तर जगात एक जागा अशी आहे की जिथे वेदना काढून रंजन बसवण्याचे काम अक्षरशः फूटपट्टी हातात घेऊन केलेले आहे. ती जागा म्हणजे कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधला ‘मेन स्ट्रीट, यू.एस.ए.’ हा विभाग.

मी व्यवसायाने ड्राफ्ट्समन. उमेदीची तीस वर्षे इतरांच्या इमारतींचे नकाशे काढण्यात गेली. इतिहासाचे किंवा वास्तुशास्त्राचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. जे काही आहे ते रद्दीच्या दुकानांतली पुस्तके, वाचनालये आणि कुतूहल यांच्यावर उभे आहे. या रस्त्याकडे माझे लक्ष गेले तेही इतिहासामुळे नव्हे, प्रमाणामुळे. छायाचित्रांत या इमारतींच्या खिडक्यांचे आणि दारांचे गणित मला जुळेना. ते जुळवता जुळवता मी या विषयात ओढला गेलो.

आधी जागेची मांडणी. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी ॲनाहाइम या गावी, संत्र्यांच्या बागा काढून मोकळ्या केलेल्या जमिनीवर सुरू झाले. उद्यानाभोवती मातीचा बांध आहे आणि त्यावरून तीन फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी धावते. बांधामुळे बाहेरचे जग दिसत नाही. आत जायचे ते त्या बांधाखालच्या बोगद्यांतून. बोगदा संपला की चौक लागतो. एका बाजूला नगरभवन आणि अग्निशामक ठाणे, दुसऱ्या बाजूला ऑपेरा हाउस, मागे वर रेल्वे स्टेशन. चौकातून सरळ रस्ता निघतो, दोन्ही अंगांना दुकाने, आणि रस्त्याच्या टोकाला किल्ला. उद्यानात पुढे कुठेही जायचे असो, आधी या रस्त्यावरून जावे लागते. म्हणजे परीकथा, जंगल, भविष्यकाळ यांच्याआधी प्रत्येक पाहुण्याला १९०० सालच्या आसपासच्या अमेरिकी गावातून चालत नेले जाते.

आता प्रमाणाची गोष्ट. या इमारतींचे तळमजले खऱ्याच्या सुमारे नऊ दशांश आहेत. वरचे मजले त्याहून लहान, सुमारे आठ दशांश, आणि जसजसे वर जावे तसतसे आणखी लहान. तळमजल्यावर खरी माणसे वावरणार म्हणून तिथे फार काटछाट करता येत नाही. वर कोणी जाणार नसते, त्यामुळे तिथे हात सैल सोडता येतो. ही चित्रपटांच्या सेटवरची जुनी युक्ती आहे. वरचा भाग लहान केला की डोळ्याला तो दूर, म्हणजेच उंच वाटतो. टोकाचा किल्लाही याच हिशेबाने बांधला आहे. त्याची उंची फक्त ७७ फूट, पण त्याचे दगड वर जाताना लहान होत गेल्याने तो बराच मोठा भासतो. हे काम करणारे बरेचसे लोक चित्रपटांच्या कला विभागातलेच होते.

काही वर्षांपूर्वी भाचीकडे अमेरिकेत जाणे झाले तेव्हा दोन दिवस मी या रस्त्यावर काढले. कागदावरचे गणित तिथे शरीराला कळते. इमारत उंच दिसते, पण दडपत नाही. आपण किंचित मोठे झाल्यासारखे वाटते. लहानपणीच्या शाळेत मोठेपणी गेल्यावर बाके बुटकी वाटतात, तोच अनुभव इथे मुद्दाम बांधून ठेवला आहे. आपण कधीच न पाहिलेल्या गावात आपल्याला ‘परत आल्यासारखे’ वाटते, ते याच मापामुळे. स्मरणाची सोय न करता परतण्याची भावना तेवढी तयार करून दिलेली आहे.

हे गाव कुठले? वॉल्ट डिस्ने यांचा जन्म १९०१ चा, शिकागोचा. १९०६ साली कुटुंब मिझुरी राज्यातल्या मार्सलिन या छोट्या गावी गेले आणि चार-पाच वर्षांत तिथली शेती विकून कॅन्सस सिटीला आले. वॉल्टच्या आठवणीत ही थोडी वर्षे कायमची बसली आणि मेन स्ट्रीटचे मूळ म्हणून मार्सलिनचे नाव घेतले जाते. पण आराखड्यांवर काम करणारे हार्पर गॉफ हे कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सचे. आपल्या गावची छायाचित्रे त्यांनी पुरवली आणि चौकातले नगरभवन तिथल्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीवरून बेतले गेले. म्हणजे एका माणसाची आठवण आणि दुसऱ्या माणसाचा गाव. त्यात आणखी एक भर: रस्त्यावरचे गॅसचे दिवे खरेच जुने आहेत. शहरांनी मोडीत काढलेले दिवे आणून इथे उभे केले. दिवे खरे, इमारती अंशतः खऱ्या आणि गाव काल्पनिक, असा हा मेळ आहे.

तपशिलांची श्रीमंती मात्र थक्क करणारी. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांवर व्यावसायिकांच्या पाट्या रंगवल्या आहेत. त्यांतली बहुतेक नावे उद्यान घडवणाऱ्या माणसांची आहेत, धंदे मात्र काल्पनिक. एका खिडकीवर वॉल्टचे वडील इलायस यांचे नाव कंत्राटदार म्हणून, १८९५ या सालासह आहे. एका दुकानात भिंतीवर जुने टेलिफोन आहेत. रिसीव्हर कानाला लावला की पूर्वीच्या सामाईक लाइनवर शेजाऱ्यांचे बोलणे ऐकू यावे तसे ऐकू येते. चित्रपटगृहात एकाच वेळी सहा पडदे, खुर्च्या नाहीत. घोड्याची ट्राम आहे आणि सुरुवातीच्या काळातल्या मोटारीही. निवडलेला क्षण हाच आहे, घोडा गेला नाही आणि मोटार आली आहे, गॅस विझला नाही आणि वीज आली आहे. अग्निशामक ठाण्याच्या वर डिस्ने कुटुंबासाठी छोटी खोली होती, तिच्या खिडकीतला दिवा आजही तेवत ठेवतात.

नकाशा काढणाऱ्याला एक सवय असते. जे काढले आहे ते पाहून झाले की काय काढलेले नाही ते तो पाहतो. या गावात दारूचा गुत्ता नाही. तो वेगळ्या विभागात, ‘वेस्टर्न’ चित्रपटांच्या मुलखात हलवला आहे. चर्च नाही. तुरुंग नाही. स्मशान नाही. पावसाळ्यातला चिखल नाही, आणि ट्रामच्या घोड्याची लीद पडते न पडते तोच झाडूवाला हजर असतो.

सर्वांत बोलकी उणीव कानाने कळते. या रस्त्याच्या टोकाशी एका उपाहारगृहाबाहेर पियानोवर रॅगटाइम वाजवण्याची जुनी परंपरा आहे. रॅगटाइम हे कृष्णवर्णीय संगीतकारांनी घडवलेले संगीत. त्यातला सर्वांत गाजलेला संगीतकार स्कॉट जॉप्लिन. त्याची ‘मेपल लीफ रॅग’ ही रचना १८९९ साली मिझुरीतल्या सिडेलिया गावी प्रसिद्ध झाली, म्हणजे मार्सलिनच्याच राज्यात आणि मेन स्ट्रीटच्याच काळात. त्या राज्याच्या १८७५ च्या घटनेने काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या शाळा वेगळ्या ठरवल्या होत्या. १८९६ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. शाळांपुरता तो निकाल फिरला १९५४ साली, डिस्नेलँड उघडण्याच्या जेमतेम वर्षभर आधी. त्या माणसांचे सूर या रस्त्याने घेतले, त्यांचे जगणे बांधाबाहेर ठेवले. वेदना काढून रंजन ठेवणे म्हणजे काय, याचे याहून नेमके उदाहरण मला सापडलेले नाही.

गंमत म्हणजे ‘मेन स्ट्रीट’ हे नाव नेहमीच गोड नव्हते. १९२० साली सिंक्लेअर लुईस यांची याच नावाची कादंबरी आली आणि प्रचंड खपली. तिच्यात लहान गावातली संकुचित वृत्ती, कुचाळक्या आणि घुसमट यांचे चित्र आहे. दहा वर्षांनी लुईस यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते मिळवणारे पहिले अमेरिकी लेखक. म्हणजे १९२० मध्ये ज्या नावाने वाचकाच्या मनात गुदमर उभी राहत होती, त्याच नावाने १९५५ मध्ये डोळ्यांत पाणी येऊ लागले. मधल्या पस्तीस वर्षांत काय बदलले? रस्ता बदलला. १९५६ साली महामार्गांचा कायदा झाला आणि देशभर द्रुतगती मार्गांचे जाळे विणले जाऊ लागले. त्याच वर्षी मिनेसोटात साउथडेल हे छताखालचे बंदिस्त खरेदी केंद्र उघडले. गिऱ्हाईक मोटारीतून गावाबाहेर जाऊ लागले आणि खऱ्या मेन स्ट्रीटवरची दुकाने हळूहळू बंद पडू लागली. खुद्द डिस्नेलँड द्रुतगती मार्गालगत, मोटारींसाठी अफाट जागा सोडून बांधलेले. खरा रस्ता ज्या कारणाने मरत होता, त्याच कारणाच्या जोरावर हा खोटा रस्ता भरत होता.

अभ्यासकांत या रस्त्याबद्दल दोन तट आहेत. उंबेर्तो एको यांनी १९७५ च्या निबंधात म्हटले की बाहेरून खेळण्यातली घरे दिसतात, आत शिरले की वेष पालटलेले मोठे दुकान असते आणि आपण अजून खेळतोच आहोत अशा समजुतीत माणूस खरेदी करत सुटतो. याउलट नगरविकासक जेम्स राउज यांनी १९६३ साली हार्वर्डमधल्या भाषणात डिस्नेलँडला अमेरिकेतली नगररचनेची सर्वश्रेष्ठ कृती ठरवले. वास्तुकार चार्ल्स मूर यांनी १९६५ च्या लेखात मांडले की मोटारीच्या शहरांत सार्वजनिक जीवनच उरले नाही, ते इथे पैसे मोजून मिळते. मला हे तट परस्परविरोधी वाटत नाहीत. अनोळखी लोकांत निवांत पायी चालणे ही खरी गरज होती. ती भागली आणि तिचे तिकीटही लागले.

पुढे काय झाले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. १९७७ साली वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने तीन खऱ्या गावांत मुख्य रस्ते सावरण्याचा प्रयोग केला आणि १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र केंद्र काढले. जुने दर्शनी भाग पुन्हा उघडे केले गेले, पाट्या, दिवे, बाके आली. यात पुष्कळ चांगले झाले. पण मार्सलिनमध्ये तर मुख्य रस्त्यालाच ‘मेन स्ट्रीट यू.एस.ए.’ हे नाव दिले गेले. हे गाव १८८८ साली सांता फे रेल्वेने वसवले, आणि डिस्नेलँडच्या आगगाडीला सुरुवातीला नाव होते तेही त्याच कंपनीचे. मूळ गाव प्रतिकृतीचे नाव धारण करते तेव्हा पुरावा आणि चित्र यांची अदलाबदल झालेली असते.

इथे वयाचा साधा हिशेब मांडावा. १९०० साली दहा वर्षांचे असलेले मूल १९५५ मध्ये पासष्ट वर्षांचे होते. असा पाहुणा चौकात उभा राहून म्हणू शकत होता, “आमच्याकडे असे नव्हते, आमच्याकडे चिखल होता.” साक्षीदार जिवंत होते. आज डिस्नेलँडला सत्तर वर्षे होऊन गेली. रस्ता बांधला तेव्हा तो जेवढ्या जुन्या काळाकडे पाहत होता, त्याहून तो स्वतःच जुना झाला. आता येणारे आजी-आजोबा नातवंडांना दाखवतात ते १९०० साल नव्हे, आपण लहानपणी इथे आलो होतो ते साल. स्मरणाचा विषयच बदलला.

म्हणूनच हा रस्ता परदेशी गेला तेव्हा त्याचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. टोकियोत १९८३ साली त्यावर काचेचे छत आले आणि नाव झाले ‘वर्ल्ड बझार’. पॅरिसला १९९२ मध्ये दुकानांच्या पाठीमागे छताखालच्या वाटा काढल्या. हाँगकाँगने २००५ मध्ये ॲनाहाइमचाच नमुना उचलला. शांघायमध्ये २०१६ साली मेन स्ट्रीट बांधलाच नाही, त्या जागी ‘मिकी ॲव्हेन्यू’ आहे. तिथल्या पाहुण्याला गावाऐवजी थेट मिकीच्या जगात नेतात.

आपल्याकडेही हल्ली वाड्याच्या धर्तीची उपाहारगृहे निघाली आहेत. कंदील, पितळी तांबे, झोपाळा, भिंतीवर बैलगाडीचे चाक. तिथे जेवायला कोणाची हरकत असणार? मलाही झोपाळा आवडतो. पण वाड्याला दिंडी दरवाजा होता, तसेच त्या दाराबाहेर थांबवलेली माणसेही होती. परसातली विहीर होती आणि तिच्यावर कोणाला पाणी भरता येत नसे हेही ठरलेले होते. हे पाहिलेली, सोसलेली माणसे अजून आपल्यात आहेत. ती आहेत तोवर झोपाळा हा झोपाळाच राहील. ती गेल्यावर तो पुरावा ठरेल. त्यांच्याकडून दाराबाहेरचे ऐकून लिहून ठेवायचे काम तेवढ्यासाठी आजच करायला हवे.