पट्टा पडला, आता बैलाच्या पत्र्या काढा



कारखान्याचा पट्टा पडला, गाड्या गावाकडं परतल्या. लेकरांची शाळा, मुकादमाचा हिशेब, घराची डागडुजी सगळं एकदम समोर आलं. या गडबडीत एक काम मागं पडतं, ते म्हणजे बैलाच्या पायातल्या पत्र्या काढणं.

आमच्या गटातही ते मागं पडलं होतं. एका मैत्रिणीच्या बैलाच्या पत्र्या 'पुढच्या हंगामाला कामी येतील' म्हणून तशाच राहिल्या. मृगात चिखल झाला आणि बैल लंगडू लागला. पत्री काढली, तर खिळ्याच्या भोकातून काळं, घाण वासाचं पाणी आलं. ऐन पेरणीत जोडी दावणीला आणि पेरणी भाड्याच्या ट्रॅक्टरनं! त्या बैलासाठी आम्ही गटातून कर्ज दिलं होतं, म्हणून ते दुखणं आम्हा सगळ्यांचंच झालं.

मुळात पत्री का मारतात? घोड्याचा खूर अखंड, त्याला एक नाल. बैलाचा खूर दोन नख्यांचा, म्हणून एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. नखी महिन्याला साधारण अर्धा सेंटीमीटर वाढते. भरल्या गाडीला डांबरी रस्त्यावर ती वाढण्याआधीच झिजते, म्हणून तिथं पत्री लागतेच. पण पत्रीखाली नखी झिजत नाही, वाढत मात्र राहते. पाच महिन्यांत अडीच सेंटीमीटर! टोक पुढं येतं, भार टाचेवर जातो, बैल अवघडून चालतो. शेताच्या मऊ मातीत पत्रीची गरजही नसते.

पत्र्या जाणत्या माणसाकडूनच काढून घ्या, पण जवळ उभ्या राहून नीट बघा. बैल भरल्या पोटी पाडू नका. मऊ जागेवर पाडा आणि फार वेळ आडवा ठेवू नका, पोट फुगतं. आधी खिळ्याची वळवलेली टोकं सरळ करावीत किंवा तोडावीत, मग एकेक खिळा ओढावा. पत्री हिसकली तर नखीचा कड फुटतो. वाढलेलं टोक कानशीनं थोडंच घासा. नखीचा बाहेरचा कड आपल्या नखासारखा, त्याला दुखत नाही. आत मात्र जिवंत मांस असतं. एका दिवसात सगळं तासायचा हट्ट धरला, तर रक्त निघतं.

आता प्रत्येक भोक बघा. कोरडं असेल तर काळजी नाही, वाढीबरोबर ते खाली सरकत निघून जाईल. ओल, पू, वास किंवा गरमपणा असेल, तर जनावरांच्या दवाखान्यात दाखवा. गंजका खिळा आत रुतला असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा. जखमेवर शेण-माती लावू नका. आणि लंगडण्याबरोबर तोंडातून लाळ गळत असेल, तर दोष पत्रीचा नसून लाळ्या-खुरकूत असू शकतो. ते जनावर लगेच वेगळं बांधा.

पत्री निघाल्यावर तळवा हळवा असतो. पहिले पंधरा दिवस गाडी नको. चैत्राच्या उन्हात तापलेल्या डांबरावर तर नकोच. आधी मऊ रानात मोकळं चालू द्या, मग हलकं काम, मग औत. गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात बैल लवकर रुळतो. पाटोदा-आष्टीकडच्या मुरमाड, खडकाळ वाटांवर थोडे जास्त दिवस द्या. अनवाणी बैल खड्यावर पाय चोरत असेल, तर समजा, अजून वेळ आहे. गोठा कोरडा ठेवा. शेणा-मुतात उभ्या जनावराची नखी मऊ पडून सडते. पावसाळ्यात दोन नख्यांमधली फट रोज बघा, तिथं खडा किंवा काटा अडकतो.

एक हिशेब आम्ही गटात मांडला. पत्र्या पुन्हा वापरून वाचतात ते थोडे पैसे. बैल अधू झाला, तर पेरणी जाते, पुढची उचल अडते आणि बाजारात किंमतही पडते. म्हणून आता गावात गाड्या आल्या की पहिल्याच बैठकीत आम्ही विचारतो, "पत्र्या निघाल्या का?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करतो, तेव्हा हळद-तुपाचा हात खांद्यावरून फिरतो. यंदा तोच हात जरा खाली, खुरापर्यंत न्या. आपल्या संसाराची गाडी त्याच खुरांवर चालते, मैत्रिणींनो.