डाव्या पायाची शिकवणी

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत पहिल्या दिवशी हमखास काय होत असेल, तर गाडी बंद पडते. डावा पाय क्लचवरून जरा लवकर सुटला की गाडी आचका देते आणि इंजिन गप्प. कुणाचे हे दोन दिवसांत थांबते, कुणाचे दहा दिवस चालते, आणि तेवढ्यावरून निकाल लागतो: हा पोरगा तयारीचा, त्या काकू घाबरट. हे निदान मला घाईचे वाटते. शिकणाऱ्यांत फरक असतोच, पण तो धिटाईपेक्षा हातापायांना आधीपासून काय ठाऊक आहे, याचा अधिक असतो. मोटारसायकलवाल्याच्या डाव्या हातात क्लच असतो नि डाव्या पायाशी गिअर. कारमध्ये नेमके उलटे. त्याला फक्त हातापायांची अदलाबदल करायची असते. बिनगिअरची स्कूटर चालवणारीला क्लच हे प्रकरणच नवे, शिवाय तिचे ब्रेक हातात, त्यामुळे कुणी आडवे आले की बोटे आवळतात आणि पाय जागचा हलत नाही. मात्र पुढची रिक्षा केव्हा डावीकडे घुसेल, हे तिला पहिल्या दिवसापासून कळते. जन्मभर बसने फिरलेल्याला दोन्ही एकदम शिकायचे असते. त्याचे सगळे लक्ष पायात अडकलेले. पाय आपसूक चालू लागेपर्यंत आरशासाठी ते उरतच नाही, मग शेजारून कितीही ओरडा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार खासगी वापराच्या गाडीसाठी किमान २१ दिवसांचे प्रशिक्षण आणि त्यात प्रत्यक्ष चालवण्याचे किमान १० तास हवेत. रोज अर्धा तास धरला तर साडेदहा तास होतात, म्हणजे हिशेब जेमतेम जुळतो. रोज थोडे शिकणे चांगलेच. बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ मध्ये ब्रिटिश टपाल कर्मचाऱ्यांच्या टायपिंगचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसाला एकच तास शिकणारे सर्वांत कमी तासांत तयार झाले, आणि आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराजही तेच होते! पण नियमातला ‘किमान’ हा शब्द व्यवहारात ‘पुरेसे’ असा वाचला जातो, खोट तिथे आहे. त्यात शिकवणाऱ्याच्या पायाखाली जादा क्लच-ब्रेक असतात. चढावर गाडी मागे न सरकता सुटली, की ‘हाफ क्लच जमला’ असे शिकणाऱ्याला वाटते. तो कधीकधी शेजारच्या पायाने जमवलेला असतो.

वय वाढले की नवी हालचाल अंगवळणी पडायला वेळ लागतो, हा आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघते ते इतकेच की पन्नाशीच्या माणसाला तास जास्त द्यावेत. तो कच्चा चालक होईल, असे निघत नाही. ऑटोमॅटिक गाडी घ्या, असेही सुचवले जाते. तिने डावा पाय सुटतो, चौकातला अंदाज सुटत नाही. राहिला खर्च. जादा तासांना पैसे पडतात आणि स्कूलवाल्यालाही पुढची बॅच उभी असते, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी एक गोष्ट फुकट आहे. शेवटच्या आठवड्यात चढाच्या पायथ्याशी शिकणाऱ्याने एवढेच म्हणावे, ‘सर, आज तुमचे पाय मागे घ्या.’ गाडी बंद पडली तर अजून किती दिवस लागतील, ते दोघांनाही तिथल्या तिथे कळेल.