गौरवदालन आणि बेळगावची दोन नावे

खेळातील सर्वश्रेष्ठांची निवड करून त्यांची नावे कायमची नोंदवणाऱ्या व्यवस्थेला ‘हॉल ऑफ फेम’, म्हणजेच गौरवदालन, म्हणतात. १९८७ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील अरिना फुटबॉल लीगने, म्हणजे छताखालच्या आखूड मैदानावर एका बाजूला आठ खेळाडू घेऊन खेळल्या जाणाऱ्या अमेरिकी फुटबॉलच्या साखळी स्पर्धेने, असे दालन १९९८ मध्ये उभे केले.

बेळगावच्या, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात हे काम तालमींच्या भिंतींनी केले आहे : तांबड्या मातीच्या हौद्यालगत, मारुतीच्या तसबिरीशेजारी, फेटा बांधून खांद्यावर गदा घेतलेले मल्ल चौकटींतून पाहत असतात. या भिंतींवर धावपटूला मात्र सहसा जागा मिळत नाही, आणि म्हणूनच बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे नाव आवर्जून नोंदवणे अगत्याचे ठरते. उद्योगपती दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या भारतीय चमूत ते होते. तेथील मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या प्रमाण अंतराहून ५५५ मीटर लांब होती, आणि ती सुमारे २ तास ५० मिनिटांत पुरी करून त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळवला. हे पदक नव्हते, तरीही ही कामगिरी फार मोठी होती. पदकाचा मान पुढे बेळगावच्याच बंडू पाटील यांना लाभला. १९६४ मध्ये टोकियोत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात त्यांचा समावेश होता.