चुकीच्या पार्किंगची तक्रार नेमकी कुणाकडे करायची?

नंदुरबारचा मंगळ बाजार असो, शहाद्याची बाजारपेठ असो की नवापूरचा मुख्य रस्ता, आमच्या कानावर येणारं गाऱ्हाणं एकच. दुकानांसमोर मोटारसायकलींच्या दोन-दोन रांगा, त्यात माल उतरवणारा टेम्पो आणि मागे हॉर्न वाजवत अडकलेली ॲम्ब्युलन्स. पालिकेत गेलं तर सांगतात, हे पोलिसांचं काम. पोलिसांकडे गेलं तर, पालिकेनं पार्किंगला जागाच दिलेली नाही. दोन्ही उत्तरं अर्धी खरी आहेत, म्हणूनच अर्ज नुसता फिरत राहतो.

रस्त्यावर उभ्या गाडीवर चलान करणं हे मुख्यतः वाहतूक पोलिसांचं काम. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 122 नुसार इतरांना धोका किंवा अडथळा होईल अशी गाडी सोडून जाता येत नाही. महाराष्ट्रात डिसेंबर 2021 पासून नो-पार्किंगचा दंड पहिल्यांदा 500 आणि पुन्हा सापडल्यास 1500 रुपये आहे. गाडी उचलायची तर कलम 127 प्रमाणे गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याची मंजुरी लागते. टोइंगवाल्या पोरांनी आपल्या मर्जीनं गाडी उचलणं कायद्यात बसत नाही.

मग पालिका काय करते? सार्वजनिक रस्त्यावरचे अडथळे हटवणं हे 1965 च्या नगरपरिषद अधिनियमानुसार तिचं बंधनकारक कर्तव्य आहे. पार्किंगच्या जागा ठरवतानाही स्थानिक संस्थेशी सल्लामसलत व्हावी लागते. पण तिची सगळ्यात मोठी जबाबदारी रस्त्यावर नाही, इमारतींच्या आत आहे. व्यापारी संकुलाचा नकाशा मंजूर होतो तेव्हा त्यात पार्किंग दाखवलेलं असतं. पुढे त्याच जागेत गाळे निघतात, गोदाम होतं, आणि गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर येते. पोलीस त्या गिऱ्हाइकाला दंड करतील, पण गाळे हटवू शकणार नाहीत. ते पालिकेलाच करावं लागेल. म्हणून माहिती अधिकारात त्या इमारतीच्या मंजूर नकाशाची प्रत मागा. अर्जाला 10 रुपये शुल्क, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना तेही माफ. उत्तर 30 दिवसांत मिळायला हवं. नकाशात पार्किंग आणि जागेवर दुकान असेल, तर दोन्हींचे फोटो जोडून मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका; तोंडी सांगितलेल्या तक्रारीचा काही पुरावा राहत नाही.

आपल्या मोहल्ल्यांत आणखी एक बोललं जातं: कारवाई फक्त आमच्याच गल्लीत होते. खरं असेल तर ते गंभीर आहे. पण नुसतं म्हणून ते सिद्ध होत नाही. वाहतूक शाखेकडे रस्तानिहाय चलानांची संख्या मागता येते. सहा महिन्यांचे आकडे समोर ठेवले की बोलणं वेगळं होतं. आणि हेही बोलायलाच हवं की जुम्याला मस्जिदीसमोर आपणच आडव्या-तिडव्या गाड्या लावतो. ट्रस्टींनी चार तरुण उभे केले तरी तासाभराचा प्रश्न सुटतो, आणि मग इतरांबद्दल तक्रार करायलाही तोंड राहतं.

हातगाडीवाल्यांनी एक फरक ध्यानात ठेवावा. पार्किंगची मोहीम निघाली की कितीदा तिच्याच रेट्यात गाड्यांबरोबर फळांच्या, बांगड्यांच्या हातगाड्याही उचलल्या जातात. त्यांना मात्र पथविक्रेता कायदा 2014 लागू होतो. विक्री प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला त्याच्या ठरलेल्या जागेवरून हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी देणं बंधनकारक आहे. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी, बाकीचा दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळायला हवा. ज्यांच्याकडे प्रमाणपत्र नाही, त्यांनी पालिकेच्या सर्वेक्षणात नाव आहे का ते आधी पाहावं.

राहिला चुकीच्या चलानाचा मुद्दा. बोर्डच नव्हता किंवा फोटोतली गाडी आपली नाही, असं असेल तर पैसे भरण्याआधी महाट्रॅफिक ॲपवर तक्रार नोंदवा. सोबत त्याच दिवशी काढलेला, आजूबाजूची दुकानं दिसतील असा जागेचा फोटो द्या.