चित्र दिसतं, आवाज का येत नाही?

पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोबाइलवर टिपलेली बारशाची किंवा मुंजीची क्लिप आज स्मार्ट टीव्हीवर लावली, की बऱ्याच घरांत एकच अनुभव येतो. चित्र व्यवस्थित दिसतं, माणसांचे ओठ हलतात, आवाज मात्र नाही. हा ऑडिओ फॉरमॅट चालत नाही, अशा अर्थाची ओळ पडद्यावर क्षणभर येते आणि निघून जाते. मग व्हॉल्यूम वाढवून पाहायचा, केबल काढून पुन्हा लावायची, आणि शेवटी ‘फाइलच खराब झाली’ म्हणून सोडून द्यायचं. हा निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि त्यापायी चांगल्या फाइली डिलीट होतात. आवाज फाइलमध्ये शाबूत असतो. तो उलगडण्याची सोय त्या टीव्हीत नसते, एवढंच.

फाइलच्या नावात काय असतं

एमपीफोर, एमकेव्ही, एव्हीआय, थ्रीजीपी अशी अक्षरं फाइलच्या नावाशेवटी असतात. ती फक्त डब्याचं नाव सांगतात. त्या डब्याच्या एका कप्प्यात चित्र असतं, दुसऱ्यात आवाज, आणि दोन्ही वेगवेगळ्या पद्धतींनी आवळून भरलेले असतात. या आवळण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात. टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत ‘एमकेव्ही चालते’ असं छापलेलं असलं, तरी आतला आवाज कोणत्या कोडेकमध्ये आहे यावर तो ऐकू येणार की नाही हे ठरतं. म्हणूनच एकाच नावाच्या दोन फाइलींपैकी एक बोलते आणि दुसरी मुकी राहते.

आवाज आवळायची गरज का पडते, ते साध्या हिशेबातून कळेल. व्हिडिओच्या ध्वनिमुद्रणात आवाजाची पातळी साधारणपणे सेकंदाला ४८,००० वेळा मोजली जाते. प्रत्येक मोजणीला १६ बिट आणि डावा-उजवा असे दोन चॅनल धरले, तर सेकंदाला १५ लाख ३६ हजार बिट होतात. तासाभराचा नुसता आवाजच सुमारे ६९० एमबी जागा खातो. तोच आवाज एएसी या कोडेकमध्ये सेकंदाला १२८ किलोबिट या दराने साठवला, तर तासाला ५८ एमबी पुरतात. ही बचत आपल्या कानाच्या एका मर्यादेमुळे साधते. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळपासच्या कंपनसंख्येचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. एमपीथ्री, १९९७ मध्ये प्रमाणित झालेला एएसी आणि डॉल्बी डिजिटल हे तिन्ही कोडेक अशा न जाणवणाऱ्या तपशिलावर कमीत कमी बिट खर्च करतात.

जुन्या मोबाइलची भाषा

पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अनेक मोबाइलचं गणित वेगळं होतं. त्यांच्या थ्रीजीपी क्लिपमधला आवाज बहुधा एएमआर नावाच्या कोडेकमध्ये असे. १९९९ मध्ये मोबाइलवरच्या संभाषणासाठी स्वीकारलेला हा कोडेक. फोनमध्ये तो आधीच बसवलेला होता, म्हणून व्हिडिओसाठीही तोच वापरला गेला.

एएमआरची कार्यपद्धती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तो सेकंदाला फक्त ८,००० मोजण्या घेतो आणि आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो. प्रत्येक तुकड्यात १६० मोजण्या येतात. त्या १६० मोजण्या जशाच्या तशा साठवण्याऐवजी, असा आवाज काढण्यासाठी माणसाच्या घशाची आणि तोंडाची पोकळी कशी असावी लागेल आणि स्वरतंतूंचं कंपन कसं असावं लागेल, याचं गणिती वर्णन तो नोंदवतो. सर्वांत चांगल्या दर्जाला अशा एका तुकड्यासाठी २४४ बिट लागतात, म्हणजे सेकंदाला जेमतेम १२.२ किलोबिट. म्हणूनच या क्लिपमध्ये आजीचं बोलणं स्वच्छ कळतं आणि मागची सनई चिरकी, तुटक वाटते. सनई माणसाच्या घशातून येत नाही. तिच्यासाठी हे प्रारूप घडवलेलंच नव्हतं.

टीव्हीच्या रचनेत मात्र एएमआरचा विचार क्वचितच झालेला असतो. हँडीकॅमची गोष्ट थोडी बरी. २००६ मध्ये आलेल्या एव्हीसीएचडी पद्धतीच्या हँडीकॅममध्ये आवाज प्रामुख्याने डॉल्बी डिजिटलमध्ये असतो आणि तो बहुसंख्य टीव्हींना समजतो.

टीव्हीत सगळे कोडेक का नसतात

यात पैशाचा भाग मोठा आहे. अनेक कोडेकवर पेटंट असतात आणि विकल्या जाणाऱ्या संचांवर परवाना शुल्क द्यावं लागतं. डीटीएस हे याचं ठळक उदाहरण. १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’ या चित्रपटाबरोबर डीटीएस ध्वनी चित्रपटगृहांत आला आणि पुढे डिस्कवरच्या चित्रपटांत डीटीएसचा कोडेक रुळला. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलपासून टीव्हीतून तो काढला. एलजीने २०२० मध्ये काढला आणि २०२३ मध्ये काही मॉडेलमध्ये परत आणला. त्यामुळे जुन्या टीव्हीवर बोलणारी फाइल नव्या, महागड्या टीव्हीवर गप्प बसू शकते. याउलट एमपीथ्रीचा परवाना कार्यक्रम २०१७ मध्ये संपला, आणि आज ऑडिओ वाजवणाऱ्या जवळपास प्रत्येक उपकरणाला तो येतो.

दोष कुठे आहे, ते शोधा

सेटिंग चाळत बसण्याआधी क्रमाने तपासणी करा. टीव्हीवर यूट्यूब लावा. तिथेही आवाज नसेल, तर प्रश्न स्पीकरचा किंवा साउंडबारचा. यूट्यूबचा आवाज येत असेल, तर तुमची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन थेट टीव्हीला लावा. पेनड्राइव्हवरून आवाज आला आणि तीच फाइल वायफायवरून पाठवली तेव्हा आला नाही, तर घोळ फाइल पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. दोन्हीकडे शांतता असेल, तर संशय कोडेकवर.

फोनवरून पाठवत असाल तर आणखी एक कसोटी आहे. कास्ट केल्यावर फाइल मुळातल्या रूपात टीव्हीकडे जाते आणि ती उलगडायचं काम टीव्हीवर येतं. स्क्रीन मिररिंगमध्ये फोन स्वतः फाइल उलगडतो आणि टीव्हीला समजेल अशा रूपात चित्र-आवाज पाठवतो. मिररिंगमध्ये आवाज येतो पण कास्टमध्ये येत नाही, असं झालं तर दोष कोडेकचाच धरायला हरकत नाही.

खात्रीसाठी फाइल संगणकावर व्हीएलसी या मोफत प्लेअरमध्ये उघडा. बहुतेक कोडेक तो स्वतःबरोबरच आणतो. त्याच्या टूल्स मेन्यूत ‘कोडेक इन्फर्मेशन’ आहे. तिथे ऑडिओसमोर एएमआर, डीटीएस असं जे नाव दिसेल, ते टीव्हीच्या पुस्तिकेतल्या यादीशी ताडून पाहा.

साउंडबार असलेल्या घरांत कधी कधी कोडेक ठीक असतो, पण तो चुकीच्या जागी उलगडला जातो. टीव्हीच्या ध्वनी सेटिंगमध्ये ‘पास-थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडलेलं असेल, तर टीव्ही आवाज न उलगडता पुढे ढकलतो. साउंडबारलाही तो कोडेक येत नसेल, तर शांतता. अशा वेळी ‘पीसीएम’ निवडून पाहा. मग उलगडण्याचं काम टीव्ही करतो. पार्श्वसंगीत ऐकू येतं पण बोलणं अगदी दबलेलं, ही तक्रारही ओळखीची. सहा चॅनलच्या फाइव्ह पॉइंट वन ध्वनीत संवाद मुख्यतः मधल्या चॅनलवर असतात. सहा चॅनल दोन स्पीकरमध्ये नीट मिसळले गेले नाहीत, तर पहिला बळी त्या संवादांचा जातो.

उपाय: फक्त आवाज बदला

निदान झाल्यावर पुष्कळ लोक संपूर्ण व्हिडिओ नव्याने कन्व्हर्ट करतात. त्यात तास जातात आणि चित्राचा दर्जाही थोडा घसरतो. टीव्हीवर चित्र दिसत आहे, म्हणजे चित्राला हात लावायचं कारणच नाही. एफएफएमपेग या मोफत साधनात चित्रासाठी ‘कॉपी’ आणि आवाजासाठी ‘एएसी’ अशी सूचना देता येते. चित्राचे बिट जसेच्या तसे नव्या एमपीफोर फाइलमध्ये जातात, फक्त आवाज नव्याने भरला जातो. छोट्या क्लिपला काही क्षण पुरतात. आज्ञा टाइप करायची सवय नसेल, तर अ‍ॅव्हिडेमक्समध्ये हेच काम मेन्यूतून होतं. व्हिडिओसाठी ‘कॉपी’ तशीच ठेवायची आणि ऑडिओसाठी ‘एएसी’ निवडायचं. पाच-पन्नास नव्हे, शेकडो फाइली असतील, तर जेलीफिन किंवा प्लेक्ससारखा मीडिया सर्व्हर संगणकावर बसवा. टीव्हीला न समजणारा आवाज तो त्या-त्या वेळी बदलून पाठवतो.

रूपांतराने आवाज सुधारत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. सेकंदाला ८,००० मोजण्यांमध्ये ४,००० हर्ट्झच्या वरचे स्वर साठूच शकत नाहीत, आणि जे साठलं नाही ते पुढे कोणत्याही कोडेकला परत आणता येत नाही. आहे तेवढं मात्र नीट ऐकू येतं.

म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नका. बदललेली प्रत तिच्या शेजारी ठेवा, आणि दोन्हींची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर असू द्या. जुने मोबाइल आणि त्यांची मेमरी कार्डं अजून घरात आहेत आणि चालू आहेत, तोवर हे काम उरकून घ्या. त्यातले काही आवाज पुन्हा कधीच ध्वनिमुद्रित करता येणार नाहीत.