कुऱ्हाडीनं तासलेलं छप्पर

१५ एप्रिल २०१९ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम कॅथीड्रलला आग लागली. दगडी कमानींचं छत बरंचसं टिकलं, पण त्याच्या वरचा, तेराव्या शतकातला ओकचा सांगाडा जळून गेला. तो पुन्हा ओकचाच उभारायचा आणि त्याच्या तुळया कुऱ्हाडीनं तासायच्या, असं ठरलं, तेव्हा अनेकांना तो जुन्याचा हट्ट वाटला. माझ्या मते या पुनर्बांधणीतला तो सर्वांत विचारी निर्णय होता. त्याची कारणं लाकडातच सापडतात.

ओंडका ओला असतानाच तासायला घेतात. वाळलेला ओक कुऱ्हाडीला सहज दाद देत नाही. ओला ओंडका पक्का बसवून त्यावर सूत मारायचं, त्या रेषेपर्यंत ठरावीक अंतरानं खोल खाचा घ्यायच्या, दोन खाचांमधलं लाकूड ढलप्या काढून उडवायचं आणि शेवटी रुंद पात्याच्या कुऱ्हाडीनं बाजू सपाट करायची. चारही बाजू अशा झाल्या की एका झाडाची एक तुळई तयार होते आणि झाडाचा गाभा या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या मधोमध राहतो. खोड किंचित बाकदार असलं तर सुतार तो बाक सांभाळून तासतो, त्यामुळे तंतू सलग राहतात. करवत सरळच जाते. वाटेत आलेले तंतू ती कापून टाकते आणि तिथेच तुळई कमकुवत होते. जुन्या छपराचे अभ्यासक फ्रेदेरिक एपो यांनी दाखवलं आहे की त्यातली बहुतेक झाडं जेमतेम २५-३० सेंटिमीटर व्यासाची होती. म्हणजे त्या सुतारांना महाकाय वृक्षांची गरज नव्हती. सडपातळ झाडातून पूर्ण ताकदीची तुळई काढण्याची रीत त्यांच्या हाती होती.

यावरचा वजनदार आक्षेप इतिहासातूनच येतो. शार्त्र कॅथीड्रलचं छप्पर १८३६ मध्ये जळालं, तिथे लोखंडी सांगाडा आला. राँस कॅथीड्रलचं छप्पर १९१४ च्या तोफमाऱ्यात गेलं आणि आँरी दनो या वास्तुविशारदानं तिथे काँक्रीटचे छोटे तुकडे जोडून नवं छप्पर उभं केलं. दनोचं काम अव्वल आहे. मग पॅरिसनंच मागे का जावं? एक तर आगीच्या पाच वर्षं आधी, २०१४ मध्ये, रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतसो या वास्तुविशारदांनी नोत्र दामचा सांगाडा बारकाईनं मोजून ठेवला होता. नव्यानं अंदाज बांधायची गरज नव्हती. दुसरं, दगडी कमानी भिंतींना बाहेर रेटतात आणि छपराचा उभा भार तो रेटा खाली वळवायला मदत करतो. नोत्र दामच्या भिंतींनी लाकडी छपराचाच भार शतकानुशतकं पेलला आहे. आगीची भीती खरीच. म्हणून नव्या छपरात आग अडवणारे आडोसे आणि पाण्याचे सूक्ष्म फवारे बसवले आहेत.

असे सुतार आता मिळणार कुठून, ही शंकाही होती. सुतारांनी जुन्या आराखड्यातली एक पूर्ण कैची हातानं घडवली आणि सप्टेंबर २०२० मध्ये कॅथीड्रलसमोरच्या चौकात दोरखंडांनी उभी करून दाखवली. बर्गंडीतल्या गेदलाँ इथे १९९७ पासून तेराव्या शतकाच्या पद्धतीनं एक किल्ला बांधला जातो आहे. त्या कामावर हात बसलेले सुतारही पुढे नोत्र दामच्या कामात आले. हा हट्ट असता तर सगळंच हातानं झालं असतं. तसं झालं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाच्या मनोऱ्याचं लाकूड मुळातच करवतीचं होतं, ते आताही करवतीनंच कापलं. तासकाम मध्ययुगीन भागासाठी राखलं. तयार कैच्या क्रेननंच वर चढवल्या.

छपरावर पुन्हा शिसं घातलं, ते मात्र मला पटत नाही. आगीत शिशाची धूळ आसपासच्या वस्तीत पसरली होती, आणि शिशाच्या पत्र्यांवरून वाहणाऱ्या पावसाच्या पाण्यातून शिसं यापुढेही थोडं थोडं खाली येतच राहणार. लाकडाच्या बाजूनं दिलेली कारणं शिशाला लागू पडत नाहीत. शार्त्रच्या लोखंडी सांगाड्यावर तांब्याचे पत्रे आहेत, आणि त्यानं त्या इमारतीचा डौल कमी झालेला नाही.