बायोडिझेल : स्वस्ताच्या मागे लागून इंजिन गमावू नका

शेतकरी बंधूंनो, डिझेलचा दर चढला की गावात दोन गोष्टी हमखास कानावर येतात. एक, "अमक्या ठिकाणी बायोडिझेल स्वस्त मिळतंय." दुसरी, "घरचं तेल टाकलं तरी इंजिन चालतं म्हणे." शहाद्याकडची उसाची वाहतूक असो, तापीकाठचे ऑइल इंजिन असो की धडगावच्या पाड्यावरची पिठाची चक्की, काम डिझेलवाचून अडते. त्यामुळे स्वस्ताचा मोह होणे साहजिक आहे. पण बायोडिझेल या एकाच नावाखाली तीन निरनिराळे पदार्थ फिरतात. आपल्या कॅनमध्ये त्यातला कोणता आहे, हे आधी ओळखा.

पहिला पदार्थ : नुसते तेल

करंज, मोगली एरंड, मोहाच्या बिया किंवा सरकी यांचे घाण्यावरचे तेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवले होते, ही गोष्ट खरी. पण चालणे वेगळे आणि टिकणे वेगळे. असे तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट घट्ट असते. नोझलमधून त्याचा बारीक फवारा उडत नाही, ते अर्धवट जळते. सुरुवातीचे काही दिवस काहीच जाणवत नाही. मग नोझलच्या तोंडावर काजळी धरते, रिंगा चिकटतात, न जळलेले तेल चेंबरमध्ये उतरून इंजिन ऑइल घट्ट करते. तेव्हा कमी-जास्त कोणत्याही प्रमाणात हा प्रयोग करू नका.

दुसरा पदार्थ : खरे बायोडिझेल

तेलात मिथेनॉल आणि थोडा कॉस्टिक मिसळून प्रक्रिया केली की तेलातले ग्लिसरीन वेगळे होते आणि पातळ बायोडिझेल उरते. हे काम घरी करू नका. मिथेनॉल विषारी आहे आणि लगेच पेट घेते. शुद्ध बायोडिझेलला बी-100 म्हणतात आणि त्याला भारतीय मानक 15607 लागू आहे. बी-20 म्हणजे शंभरात वीस भाग बायोडिझेल, बाकी डिझेल.

पंपावरच्या डिझेलमध्ये 7 टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळायला मानकाने परवानगी आहे. त्याची धास्ती घेऊ नका. उलट गंधक काढलेल्या आजच्या डिझेलला थोड्या बायोडिझेलने वंगणच मिळते, धूरही कमी होतो. प्रश्न येतो तो प्रमाण वाढल्यावर. इंडोनेशियात 2025 पासून 40 टक्के मिश्रण आहे, हे खरे. पण तिथे ते सरकारी नियमाखाली, ठरलेल्या दर्जाचे तयार होऊन येते. आपण बांधावर बादलीत मिसळतो, त्याची बरोबरी त्याच्याशी होत नाही.

हिशेबही नीट करा. बायोडिझेलमध्ये लिटरमागे ताकद आठ-दहा टक्क्यांनी कमी असते. 10 लिटर डिझेलच्या कामाला शुद्ध बायोडिझेल जवळपास 11 लिटर लागते. म्हणजे दर दहा टक्क्यांनी कमी असला, तरी हाती फारसे काही उरत नाही.

तिसरा पदार्थ : बनावट माल

सर्वांत मोठा धोका इथे आहे. मोगली एरंडाचा मोठा गाजावाजा झाला, 2009 च्या राष्ट्रीय धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले गेले. पण बियांचे उत्पादन अपेक्षेइतके आले नाही. 2018 च्या धोरणात 2030 साठी 5 टक्क्यांचेच उद्दिष्ट ठेवावे लागले. खरे बायोडिझेल मुळात एवढे कमी असताना कोणी टँकरच्या टँकर स्वस्तात देत असेल, तर आत काय आहे, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. 2020-21 च्या सुमारास गुजरात आणि महाराष्ट्रात बायोडिझेलच्या नावाने रसायने व औद्योगिक तेले विकणाऱ्यांवर छापे पडले. आपला जिल्हा गुजरातच्या सीमेला लागून आहे, म्हणून जास्त सावध राहा. असल्या मालाने फ्युएल पंप आणि नोझल जातात, आणि भरपाई मागायला हातात पावतीसुद्धा नसते.

मिश्रण वापरणारच असाल तर

1. ट्रॅक्टरचे माहितीपुस्तक उघडा. किती टक्के चालते ते कंपनीने दिलेले असते. त्याच्या वर गेलात तर वॉरंटीवर पाणी सोडावे लागेल.

2. बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. आधी टाकी धुऊन घ्या. पहिल्या एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला.

3. जुन्या इंजिनाच्या रबरी नळ्या व सील फुगतात, मऊ पडतात. गळती दिसली की लगेच बदला. साठवायला तांब्या-पितळेचे किंवा जस्ताच्या पत्र्याचे भांडे नको.

4. बायोडिझेल पाणी ओढते. पाणी साचले की त्यात जंतू वाढून शेवाळासारखा चिकट थर धरतो. पावसाळ्यात फिल्टरखालचे पाणी वरचेवर काढा.

5. सहा महिन्यांपेक्षा जुना साठा वापरू नका. तो आंबतो, डिंक धरतो. हंगाम संपल्यावर बंद ठेवायच्या इंजिनात मिश्रण राहू देऊ नका.

6. डाब, मोलगी, तोरणमाळकडे हिवाळ्यात दव गोठते. पामतेलाचे बायोडिझेल तर त्याच्या कितीतरी आधीच घट्ट होऊन फिल्टर बंद पाडते.

7. डिपस्टिक रोज बघा. ऑइलची पातळी न टाकता वाढली, तर इंधन चेंबरमध्ये उतरते आहे असे समजा. इंजिन बंद करून मेकॅनिकला दाखवा.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांसाठी

ग्रामपंचायतीचे जनरेटर, पाण्याचे टँकर यांचे इंधन पावतीशिवाय घेऊ नका. 30 एप्रिल 2019 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार बायोडिझेल विक्रेत्याला राज्याकडे नोंदणी करावी लागते. नोंदणीचा कागद मागा. वजनावरूनही अंदाज येतो : 15 अंश तापमानाला डिझेल लिटरला 810 ते 845 ग्रॅम भरते, खरे बी-100 860 ते 900 ग्रॅम. संशय आला तर बाटलीत नमुना ठेवून तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार द्या.

बंधूंनो, लिटरमागे वाचलेले पाच-दहा रुपये लगेच दिसतात. बिघडलेला पंप मात्र नेमका ऐन तोडणीच्या, नाहीतर पेरणीच्या दिवशी दिसतो. त्या दिवशी ट्रॅक्टर दारात उभा राहिला तर वाफसा तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून नावावर जाऊ नका; टक्के विचारा, कागद बघा, पावती घ्या, आणि मगच टाकीचे झाकण उघडा.